प्रभारी राजा आणि पाचवं अक्षर

एका जंगलात, बाळांनो, राजा नव्हता. प्रभारी राजा होता.

खऱ्या राजाची जागा कधीची रिकामी होती. सिंह पाहिजे म्हणून दवंडी पिटली होती. पण सिंह काही आला नाही. त्या मुलखात सिंह राहतच नाहीत, हे दवंडी पिटणाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं. मग एका गव्याला तात्पुरतं सिंहासनावर बसवलं. तो बसला आणि सिंहासन मोडलं. तेव्हापासून तो जमिनीवरच बसायचा. पण बसायचा प्रभारी म्हणूनच.

गवा स्वभावाने वाईट नव्हता. फक्त सावकाश होता. कोणी काही सांगितलं की ते त्याच्या शिंगांपासून डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा. म्हणून त्याच्या शेजारी एक प्रधान असायचा. प्रधान म्हणजे रानडुक्कर. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणायचे. भाऊसाहेबांचं डोकं जलद चालायचं. ते एकदा एका दिशेला चालायला लागलं की वळायचं मात्र नाही.

या जंगलातून एक नदी वाहायची. नदी वर घाटात उगम पावायची आणि तिथेच तिचे कारभार ठरायचे. खाली लख्ख ऊन असायचं, वर घाटात ढग अडकलेले असायचे. मग अचानक लोंढा यायचा. एकदा असाच लोंढा सशांची अख्खी आळी घेऊन गेला. ससे पोहत बाहेर आले, पण आळी गेली ती गेलीच. तेव्हा दरबाराने ठरवलं, आता काहीतरी आधुनिक केलं पाहिजे.

काम एका बगळ्याला मिळालं. बगळा पांढराशुभ्र असायचा आणि एका पायावर उभा राहून बोलायचा. त्यामुळे त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास बसायचा. त्याने वर घाटात पाणी मोजणारं यंत्र बसवलं. यंत्रापासून एक लांब तार खाली आणली. तारेचं टोक एका जांभळाच्या बुंध्याला ठोकलेल्या डबीत घातलं. डबीला एक भोक होतं. बगळा त्याला पोर्ट म्हणायचा. बाकीचे सगळे भोक म्हणायचे.

“हे सिरियल आहे,” उद्घाटनाच्या दिवशी बगळा म्हणाला. “म्हणजे अक्षरं रांगेने येणार. एकामागून एक.”

“रांगेने?” भाऊसाहेबांनी विचारलं. “मध्येच कोणी घुसत नाही?”

“नाही.”

“मग हे आपल्याकडचं दिसत नाही.”

सगळे हसले. बगळ्याने दुसरा पाय खाली टेकवला आणि मुद्द्याचं सांगायला सुरुवात केली.

“निरोप कधी छोटा असेल, कधी मोठा. यंत्राला जेवढं सांगायचंय तेवढं ते सांगणार. अक्षरं खाली परडीत पडत राहतील. निरोप संपला की शेवटी एक खडा पडेल. तेव्हा खडा पडेपर्यंत...”

एवढ्यात करवंदांच्या पाट्या आल्या. दरबार उठला. खडा पडेपर्यंत काय करायचं, ते बगळ्याने जांभळाच्या झाडाला सांगितलं आणि तोही करवंदांकडे गेला.

आता निरोप वाचायला कोणीतरी हवं होतं. भाऊसाहेबांनी साळिंदराला नेमलं. ज्याच्या अंगावर इतक्या लेखण्या, तो शिकलेलाच असणार, असा त्यांचा हिशेब. साळिंदराचं नाव निवृत्ती. त्याला खरंच वाचता येत होतं, हा योगायोग.

निवृत्ती मोठा टापटिपीचा प्राणी. सकाळी उठला की आधी अंगावरचे काटे सारखे करायचा. बिळाच्या तोंडाशी पानांचं पायपुसणं ठेवायचा. त्याची बायको अनसूया म्हणायची, “अहो, तुमच्या घरात चिखलसुद्धा पाय धुऊन येतो.” त्यांना दोन पिल्लं होती. जांभळाच्या मुळाशीच त्यांचं बीळ होतं, म्हणून कचेरी आणि घर एकच.

निवृत्ती पहिल्या दिवशी परडीपाशी बसला. टप्प. ‘पा’ पडलं. टप्प. ‘णी’ पडलं. मग ‘ठी’. मग ‘क’. मग एक खडा.

निवृत्तीने खडा उचलून बाहेर भिरकावला. तांदळातला खडा टाकावा तसा. मग चारही अक्षरं एका पानावर ओळीत मांडली आणि दरबारात नेली.

“पाणी ठीक,” प्रभारी महाराजांनी वाचलं. वाचायला त्यांना बराच वेळ लागला, पण वाचलं. त्यांना आनंद झाला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. निवृत्ती रोज चार अक्षरं न्यायचा. रोज एक खडा फेकायचा. तार जुनी असावी, म्हणून खडे येत असावेत, असं त्याला वाटायचं.

भाऊसाहेबांनी हे पाहिलं आणि त्यांचं डोकं चालायला लागलं.

“निवृत्ती, निरोप रोज चार अक्षरांचाच असतो ना?”

“हो, भाऊसाहेब.”

“मग नियमच करू. रोज सकाळी चार अक्षरं मोजायची आणि आणायची. पाचवं आणायचं नाही. महाराजांना दम लागतो.”

“आणि जास्त आली तर?”

“जास्त येतीलच कशी? नियम केलाय ना!”

निवृत्तीला हा नियम मनापासून आवडला, बाळांनो. उगाच खोटं कशाला सांगू? चार म्हटलं की कशी चौकट होते. पान कसं भरून दिसतं. तो खूश झाला. त्याची पाठ थोपटायची असं भाऊसाहेबांनी ठरवलं होतं, पण काट्यांमुळे नुसतं तोंडाने “शाबास” म्हटलं.

असे बरेच दिवस गेले. पावसाळा सरत आला. खाली स्वच्छ ऊन पडलं. नदी बारीक झाली, कडेची वाळू दिसायला लागली.

मग एका सकाळी परडीत अक्षरं पडली. पा, णी, ठी, क. निवृत्तीने ती पानावर घेतली. वळून पाहतो तर टप्प, टप्प. आणखी दोन पडली. ‘ना’ आणि ‘ही’. मागोमाग खडा.

निवृत्तीने खडा फेकला. दोन अक्षरांकडे बघत राहिला.

“ही उद्याची आजच आली,” तो अनसूयेला म्हणाला. “यंत्र मोठं कामसू आहे.”

“मग काय करणार?”

“राहू देत परडीत. उद्या मोजताना दोन कमी घ्यावी लागतील.”

आणि तो ‘पाणी ठीक’ घेऊन दरबारात गेला. आता आपली भाषाही कशी, बघा. नकार पार शेवटाला ठेवते. ‘नाही’ आधी यायचं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्हाला खेळायला जाता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी यंत्राने सांगितलं, ‘पाणी चढतंय’. पण परडीत कालचं ‘नाही’ आधीच बसलेलं होतं. निवृत्तीने खडे निवडले, पुढून चार अक्षरं मोजली आणि नेली.

महाराजांनी वाचलं. “नाही... पाणी.”



“नाही पाणी!” भाऊसाहेब ओरडले. “दुष्काळ!”

दरबारात एक पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, होता. कठीण निरोपांचा अर्थ सांगणं हे त्याचं काम. इतके दिवस ‘पाणी ठीक’चा अर्थ सांगून तो कंटाळला होता. तो खुशीत पुढे आला, मान पार मागे फिरवली आणि परत आणली.

“दुष्काळच,” तो म्हणाला. “आणि साधासुधा नाही. ‘पाणी नाही’ असं नाही म्हटलेलं. ‘नाही पाणी’ म्हटलंय. नाहीवर जोर आहे.”

एका भेकराने चाचरत सांगितलं, “पण नदीत पाणी दिसतंय. मी आत्ताच पिऊन आलो.”

“ते कालचं पाणी,” पिंगळा म्हणाला.

तरी भाऊसाहेबांनी आणखी एक दिवस वाट पाहिली. ते काही अविचारी नव्हते. दुसऱ्या सकाळी निवृत्ती परडीपाशी गेला तर परडी भरत चाललेली. त्याने शिस्तीत पुढची चार अक्षरं घेतली. ‘चढतंय.’

“काय चढतंय?” महाराजांनी विचारलं.

“ऊन, महाराज,” पिंगळा म्हणाला. “पाणी नाही आणि ऊन चढतंय. यापेक्षा स्पष्ट यंत्राने काय सांगायचं?”

त्याच दुपारी हुकूम सुटला. सगळ्या रयतेने घरदार सोडून नदीच्या पात्रात राहायला जावं. वाळूत पाण्यासाठी झिरे खणावेत. जे काही पाणी उरलंय त्याच्या जवळ राहावं. दरबार खाली भरायचा, पण दरबारी मंडळी वरच्या टेकडीवर राहत होती. त्यांनी तिथेच राहून त्रास सोसावा असं ठरलं.

निवृत्ती घरी आला तेव्हा अनसूया बिळाच्या तोंडाशी उभी होती.

“अहो, नदीत पाणी आहे. मला इथून दिसतंय. कालच्यापेक्षा जास्तच आहे.”

“अगं, दिसणं वेगळं. निरोप काय आलाय ते बघ.”

“निरोप तुम्हीच वाचलात ना?”

“मी वाचला म्हणजे काय, मी मोजला.”

 अनसूयेने पिल्लांना पुढे घातलं आणि ती निघाली. निवृत्तीला कचेरी सोडता येत नव्हती. तो मागे राहिला. पिल्लं वळून वळून बघत होती. धाकटं म्हणालं, “बाबा, वाळूत मज्जा येईल ना?” तो म्हणाला, “येईल.” पण त्याचे काटे आपोआप उभे राहिले होते. का, ते त्याला कळेना.

पुढच्या सकाळी त्याने आणखी चार अक्षरं नेली.

“डोंगराव,” महाराजांनी वाचलं. “हा कोण?”

भाऊसाहेब सरसावले. “ज्याने पाणी पळवलं तो! यंत्राने चोराचं नाव सांगितलंय!”

पिंगळ्याने मान डोलावली. नाव आल्यावर अर्थ सांगायला फारसं काही उरत नाही, म्हणून तो जरा नाराज होता.

शिपाई डोंगरावाला शोधायला निघाले. शिपाई म्हणजे कोळसुंदे, रानकुत्रे. दिवसभर हिंडून त्यांनी एका म्हाताऱ्या अस्वलाला आणलं. त्याच्या तोंडाला अजून मध लागलेला होता.

“नाव?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“सदाशिव.”

“खोटं. राहतोस कुठे?”

“डोंगरावर.”

“बघा!” भाऊसाहेब दरबाराकडे वळून म्हणाले. “डोंगराव! स्वतःच्या तोंडाने कबूल केलं!”

“डोंगरावर,” अस्वल पुन्हा म्हणालं. “र. शेवटी र आहे.”

पण चार अक्षरांनंतर ऐकायचं नाही, ही आता दरबाराची सवय झाली होती. अस्वलाला नदीच्या पात्रात नेलं, एका खड्ड्यात उतरवलं आणि वर ओंडका टाकला. पाणी परत देईपर्यंत तिथेच बस म्हणून सांगितलं. अस्वल बसलं. त्याला खड्डा थोडा गारगार लागला. खालून पाणी पाझरत होतं.

त्या दिवशी संध्याकाळी निवृत्ती नदीवर जाऊन आला. अनसूया वाळूच्या उंचवट्यावर बसली होती. तिने सामान सोडलेलंच नव्हतं. पिल्लं खेळत होती. काल त्यांनी जिथे घरकुल केलं होतं, तिथे आज पाणी होतं.

“हे बघितलंत?” ती म्हणाली.

“बघितलं.”

“मग?”

निवृत्ती कचेरीकडे परत निघाला. तो शहाणा होता, शिकलेला होता, आणि आपल्या डोळ्यांपेक्षा आपल्या परडीवर त्याचा विश्वास होता. असे प्राणी फार असतात, बाळांनो. मोठे झालात की भेटतील. कदाचित आरशातसुद्धा.

दुसऱ्या सकाळी तो परडीपाशी बसला. घरात कोणी नव्हतं. न्याहारी नव्हती. काटे सारखे करायचे राहून गेले होते. भोकातून काहीच पडेना. रोज यावेळी टप्प टप्प सुरू व्हायचं. आज नाही. त्याने डबीला कान लावला. आत सुन्न शांतता.

परडीत आधीचीच अक्षरं शिल्लक होती. कालपासून ती तशीच पडलेली. खडे निवडायचंही त्याला सुचलं नाही. जसं पडलं होतं तसंच त्याने पानावर मांडलं.

र. जा. खडा. प. ळा. खडा.

निवृत्ती बघत राहिला.

खडा मधोमध होता. ‘जा’च्या नंतर एक, ‘ळा’च्या नंतर एक. वाटेल तिथे पडलेला नव्हता. एखादं वाक्य संपवून श्वास घ्यावा तसा पडलेला होता.

“जा,” तो पुटपुटला. मग, “पळा.”

पळा तर कळलं. पण ‘रजा’? आणि एकदम त्याला कालचं पान आठवलं. कालचा डोंगराव. त्याने कालचा शब्द आजच्या अक्षरांना जोडला. डोंगराव. रजा. खडा.

डोंगरावर जा.

 तो आठवत एकेक दिवस मागे जात राहिला. चढतंय. त्याच्या आधी पाणी. पाणी चढतंय! त्याच्याही आधी एकटं पडलेलं ‘नाही’. ते कोणाचं? ते त्या दिवशीचं. पाणी ठीक नाही.

यंत्राने सगळं वेळेवर सांगितलं होतं. त्याने सगळं वाचलंही होतं. एकही अक्षर हरवलं नव्हतं. फक्त एक निरोप कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे सांगणारे खडे त्याने स्वतःच्या हाताने निवडून बाहेर फेकले होते. टापटिपीने.

आणि आता यंत्र गप्प झालं होतं. पाण्याखाली गेल्यावर कोण बोलणार?

निवृत्ती पान घेऊन धावत सुटला. साळिंदर धावलं की काट्यांचा खुळखुळ आवाज होतो. तो आवाज करत तो थेट दरबारात शिरला.

“महाराज! निरोप आलाय. डोंगरावर जा!”

भाऊसाहेबांनी बोटांवर मोजलं. “डों, ग, रा, व, र, जा. सहा होतात. बसत नाही.”

“भाऊसाहेब, सगळं बुडेल!”

“मापात सांगा.”

निवृत्तीने क्षणभर विचार केला. “पूर येतो.”

“पू, र, ये, तो. चार. हं.” भाऊसाहेब खूश झाले. “भोकातून आला का?”

“नाही. मी सांगतोय.”

“तुमच्या तोंडाला तार जोडलेली आहे का?”

“नाही.”

“मग हा निरोप नाही. हे मत झालं.”

पिंगळा मध्ये पडला. “शिवाय दुष्काळात पूर येत नसतो. आणि दुष्काळ आपण जाहीर केलाय.”

“महाराज,” निवृत्ती गव्याकडे वळला. “माझी बायको तिथे वाळूत आहे. माझी पोरं आहेत. सगळ्यांची पोरं आहेत. तुम्ही एकदा येऊन नदी बघा. नुसती बघा.”

प्रभारी महाराजांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. त्यांनी उठायचा विचार केला असावा. पण तो विचार पायांपर्यंत पोचायच्या आत भाऊसाहेब म्हणाले, “आजचा अधिकृत निरोप काय आहे तो वाचा. आज भोकातून काय आलं?”

निवृत्तीचा धीर खचला. त्याच्या हातात पान होतं. त्यावर चार अक्षरं होती. या मूर्खांना आता काय वाचून दाखवायचं, असं त्याला झालं. त्याने पान महाराजांपुढे ठेवलं आणि जायला वळला.

“रजा,” महाराजांनी वाचलं.

दरबारातले सगळे कान एकदम टवकारले.

“पळा,” महाराजांनी पुढचं वाचलं.

पिंगळ्याला अर्थ सांगायला कोणी विचारलं नाही. त्याने स्वतःही सांगितला नाही. तो उडालाच. भाऊसाहेब शेपटी वर करून टेकडीकडे सुटले. कोळसुंदे सुटले. दरबारी तरस हसत हसत सुटला. जाताना प्रत्येकाने दुपारच्या खाण्याची आपापली टोपली उचलली. आणि प्रभारी महाराज, ज्यांना पोचायला नेहमी उशीर व्हायचा, ते उठले. जमीन हादरली. रजा हा शब्द त्यांच्या कानातून थेट पायांत गेला होता, वाटेत डोकं लागलंच नाही.

निवृत्ती तोंड उघडं ठेवून बघत राहिला. मग भानावर आला आणि नदीकडे धावला.

पात्रात अजून लख्ख ऊन होतं. रयत झिरे खणत होती. खणलं की लगेच पाणी लागत होतं आणि सगळे त्याचं कौतुक करत होते.

“पळा!” निवृत्ती ओरडला. “पूर येतोय! वर चला!”

“हुकूम आहे का?” भेकराने विचारलं.

“हुकूम नाही!”

“मग आम्ही जागा सोडली आणि दुसऱ्या कोणी घेतली तर?”

तेवढ्यात एका वानराचं लक्ष वर गेलं. टेकडीच्या वाटेवरून अख्खा दरबार धावत होता. सगळ्यांच्या तोंडात टोपल्या. मागून प्रभारी महाराज, माती उडवत.

“अरे!” वानर ओरडलं. “वर काहीतरी वाटतायत!”

बाळांनो, पूर येतोय म्हणून कोणी हललं नव्हतं. वर काहीतरी फुकट मिळतंय म्हटल्यावर पात्र बघता बघता रिकामं झालं. ससे, भेकरं, वानरं, साळुंक्या, ज्यांना चालता येत नव्हतं तेसुद्धा कोणाच्या तरी पाठीवर बसून निघाले.

अनसूया मात्र जागची हलली नव्हती. ती निवृत्तीकडे बघत होती.

“खरं सांगा. काय झालंय?”

“पाणी येतंय. मी चुकीचं वाचत होतो. सगळं चुकीचं. हुकूम वगैरे काही नाही. मी सांगतोय.”

“तुम्ही सांगताय ना? मग चला,” ती म्हणाली आणि सामान उचललं.

थोडं पुढे गेल्यावर निवृत्ती थबकला. “तुम्ही व्हा पुढे.” तो मागे वळला आणि खड्ड्यापाशी गेला. अस्वल छातीपर्यंत पाण्यात उभं होतं. निवृत्तीने ओंडक्याला खांदा लावला. ओंडका हलेना. त्याने खालची माती उकरली, नखं तुटेपर्यंत उकरली. अस्वलाने खालून जोर लावला. ओंडका एकदाचा घरंगळला.

अस्वल बाहेर आलं आणि अंग झाडलं.

“मी डोंगराव नाही,” ते म्हणालं.

“माहीत आहे. डोंगरावर चला.”

“तेच तर मी सांगत होतो.”

वाटेत पिल्लं दमली होती. अस्वलाने दोघांना पाठीवर घेतलं. साळिंदराची पिल्लं पाठीवर घेणं म्हणजे काय असतं याची तुम्हीच कल्पना करा. अस्वल दर चार पावलांना “आई गं” म्हणत होतं, पण त्याने त्यांना खाली ठेवलं नाही.

ते अर्ध्या टेकडीवर पोचले असतील नसतील, तोच घाटाकडून आवाज आला. आधी गुरगुर. मग धडधड. मग पाण्याची भिंतच वळणावरून आली. तिने पात्र भरलं, दोन्ही काठ भरले, जांभळाचं झाड मुळासकट उचललं. डबी गेली, भोक गेलं, परडी गेली, निवृत्तीचं घर गेलं. थोड्या वेळापूर्वी जिथे सगळे झिरे खणत होते, तिथे आता मोठमोठाले ओंडके काडीसारखे गरगरत होते.

 वर काही वाटत नव्हतं, याची तक्रारसुद्धा कोणी केली नाही.

निवृत्ती कड्याच्या टोकाशी बसला. 

“सगळे मेले असते,” तो अनसूयेला म्हणाला. “माझ्यामुळे. माझं पान नीटनेटकं दिसावं म्हणून.”

“मेले नाहीत ना?” ती म्हणाली. तिने त्याच्या तुटलेल्या नखांवर पाला चुरून लावला. “आता यापुढे खडे टाकू नका.”

पाणी ओसरलं. मग रिवाजाप्रमाणे चौकशी झाली. दरबार भरला.

“आपण वाचलो कशामुळे?” महाराजांनी विचारलं.

“चार अक्षरांच्या नियमामुळे, महाराज,” भाऊसाहेब म्हणाले. “निरोप वेळेवर आला, मापात आला आणि लगेच अंमलबजावणी झाली. इतकी जलद अंमलबजावणी या जंगलाने कधी पाहिली नव्हती.”

हे शेवटचं खरंच होतं.

निवृत्तीला राहवेना. तो उठला. “चूक माझी,” तो म्हणाला.

दरबार दचकला. अक्षरं चारच होती, अगदी मापात होती. पण हे दोन शब्द त्या दरबारात आजवर कोणी उच्चारलेच नव्हते. निवृत्ती पुढे बोलत राहिला. खड्याचं सांगितलं, ‘नाही’चं सांगितलं, अस्वलाची माफी मागा म्हणून सांगितलं. पण चार अक्षरं केव्हाच संपली होती. सगळे पिंगळ्याकडे बघत होते.

“याला विनय म्हणतात,” पिंगळ्याने अर्थ सांगितला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि निवृत्तीला मुख्य वाचक केलं.

अस्वलाला निर्दोष सोडलं. डोंगराव फरार आहे असं जाहीर झालं. त्याचा शोध अजून चालू आहे.

बगळ्याने नवं यंत्र बसवलं. या वेळी निवृत्ती त्याला आडबाजूला घेऊन गेला, करवंदांपासून लांब, आणि त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. आता तो रोज खडा पडेपर्यंत थांबतो. निरोप छोटा असो, लांबलचक असो, पुरा वाचतो, अनसूयेला वाचून दाखवतो. मग ती म्हणते, “हं. आणि दरबाराला काय देणार?”

नदी शांत असली की तो दरबाराला ‘पाणी ठीक’ देतो. पण घाटात पाणी चढलं, रानात वणवा लागला, कड्यावरून दरड सुटायला आली, यंत्राने कितीही लांब आणि कळवळून सांगितलं, तरी निवृत्ती ते दरबारात सांगत बसत नाही. एक पान घेतो. त्यावर स्वच्छ चार अक्षरं मांडतो. ‘आज रजा.’

क्षणात दरबार टेकडीवर असतो. त्याच्यामागे अख्खं जंगल असतं.

त्यानंतर त्या जंगलात पुराने कोणी मेलं नाही. प्रभारी महाराज अजून प्रभारीच आहेत. निवृत्तीसारखा अचूक वाचक झाला नाही, असं भाऊसाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

तात्पर्य : निरोप पुरा ऐकावा, असं तुम्हाला वाटलं असेल, तर बाळांनो, तुम्ही गोष्ट पुरी ऐकली नाहीत. निरोप कुठे संपतो हे वरच्यांना कळलं नाही तरी चालतं. त्यात रजा कुठे सुरू होते, तेवढं त्यांना दिसलं पाहिजे.